व्हायझर नुसते शोभेचे?
गाडीच्या दारांच्या काचांवर वरच्या कडेला लावतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्या, म्हणजे व्हायझर, फक्त शोभेला असतात असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. पावसात काच दोन बोटं खाली घेता येते, आतली वाफ निघून जाते आणि मांडीवर थेंब पडत नाही. माझे पैसे तेवढ्यातच वसूल झाले.

मात्र मागची एकच काच उघडली की कानात जे धप-धप होतं, ते पुढच्या व्हायझरने जात नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारली की ती घुमते, तसाच तो प्रकार. पुढची काच जराशी उघडा, थांबतं.

चिकटपट्टीवाले घेणार असाल तर आधी जागा स्पिरिटने पुसा आणि निदान 24 तास गाडी धुऊ नका. काचेच्या खाचेत बसणारे दिसायला सुबक, पण एका बटणात वर जाणारी काच असेल तर जपून. माझी काच वरपर्यंत जाऊन परत खाली यायची, तिला वाटायचं कुणाचं तरी बोट अडकलंय! चार दिवस काच पूर्ण बंद ठेवली, तेव्हा कुठे रबर दबलं. वेगात थोडी शिट्टी अजूनही वाजतेच.