नवऱ्याचा एचआयव्ही पॉझिटिव्ह रिपोर्ट बायकोला सांगताना आशाताईने मदत करावी का?

रानपाखरू: माझं मत आहे की करावी. आयसीटीसीतला, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रातला काउन्सेलर तालुक्याला बसतो, त्याच्यासमोर माणूस हो हो म्हणतो आणि घरी येऊन गप्प बसतो. गावात येणारी आशाताई किंवा लिंक वर्कर (गावोगावी एचआयव्हीचं काम करणारी) सोबत असेल तर तोंड उघडेल तरी. बायकोची टेस्ट लवकर झाली तर औषधं लवकर सुरू होतात, गरोदर असेल तर बाळही वाचवता येतं.

कृष्णाकाठ: साफ विरोध. आशाताई गावचीच सून, ती एखाद्या घरी दोनदा जास्त वेळ बसली की शेजारीण विचारणारच काय झालं म्हणून. आणि कायदा बघा, 2017 चा एचआयव्ही कायदा, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू, कलम 9 प्रमाणे जोडीदाराला सांगता येतं फक्त डॉक्टर नाहीतर काउन्सेलरला, तेही पेशंटला आधी समजावून, तरी तो सांगत नाही अशी खात्री पटल्यावर आणि आता आम्ही सांगणार हे त्याला कळवून.

रानपाखरू: परस्पर सांगा असं कुठे म्हटलं मी? सांगायचं त्यानेच, ताईने फक्त जवळ बसायचं, तेही त्याने बोलावलं तर.

अबोली: तुम्ही दोघं नवऱ्याचंच धरून चाललाय. कितीतरी बायकांना गरोदरपणातल्या तपासणीत कळतं, नवऱ्याने टेस्टच केलेली नसते, मग हिनेच आणला म्हणून माहेरी धाडतात. मारहाण किंवा घराबाहेर काढायची भीती असेल तर जोडीदाराला सांगू नये हेही त्याच कलमात आहे. माझ्या ओळखीतली एक लिंक वर्कर आधी विचारते, घरी कळलं तर काय होईल, रात्री जायला कुणाचं घर आहे का. मग वाक्य पाठ करून घेते, "माझी टेस्ट झाली, आता तुमची करू, सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे". नवरा पिऊन आला असेल त्या दिवशी विषयच काढायचा नाही.

कृष्णाकाठ: ही लिंक वर्कर ट्रेनिंग घेतलेली आहे हो. आशाताईकडे आधीच लसीकरण, बाळंतपणं, सर्व्हे, वर हे पण? आणि तिच्याकडून एक शब्द बाहेर गेला तर त्या घराचं काय?

शिवार: मी स्वतः एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्यांवर आहे. बायकोला सांगायला बळ दिलं ते सेंटरवर भेटलेल्या, माझ्यासारख्याच पॉझिटिव्ह माणसाने, तो दुसऱ्या गावचा होता म्हणूनच मी मोकळा बोललो. गोळ्या नीट घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की संबंधातून लागण होत नाही हे त्याने बायकोलापण समजावलं. आशाताईचं म्हणाल तर आमच्या ताईला मी आजही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.