एका टॅटूला ३१ वर्षं का लागली?

रातकिडा:
बेल्जियममधल्या अँटवर्पची केस वाचून डोकं भणभणलंय. जून १९९२, नदीच्या जाळीला अडकलेला तरुणीचा मृतदेह. खून. हातावर काळं फूल, हिरवी पानं, खाली अक्षरं. नाव कळलं २०२३ला! घरचे वेल्समध्ये, मे १९९२मध्ये तिचं शेवटचं पोस्टकार्ड आलं ते अँटवर्पहूनच. बातमीत टॅटू दिसला आणि त्यांनी ओळखला. इतकी वर्षं इंटरपोल झोपलं होतं का?

जुनाठसा:
झोपलं नव्हतं, पण तुम्ही समजताय तसं ते पोलिस ठाणंही नाही. १९६ देशांच्या पोलिसांमधलं टपालखातं म्हणा हवं तर. तपास ज्या त्या देशाचा. बेवारस मृतदेहाची 'ब्लॅक नोटीस' निघते, पण ती फिरायची पोलिसांतल्या पोलिसांत. २०२३मध्ये बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीने अशा २२ स्त्रियांची माहिती लोकांसमोर ठेवली, तेव्हा कुठे तो टॅटू घरच्यांना दिसला.

माझी हयात बोटांच्या ठशांत गेली. पाण्यातल्या प्रेताच्या बोटांची कातडी कधी कधी हातमोज्यासारखी सुटून येते. मग ती हलकेच आपल्या (मोजा घातलेल्या) बोटावर चढवायची, शाई लावायची, कागदावर फिरवायची. पहिल्यांदा केलं त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. एवढं करून ठसा सुरेख उमटला तरी जोडीला ठेवायला दुसरा नसेल तर काय करणार? फाइल बंद.

बार्सिलोनाजवळची गुलाबी कपड्यांतली बाई बघा. मृतदेह सापडला जुलै २००५ला. २०२५मध्ये तुर्कस्तानने तिचे ठसे आपल्या नोंदींशी ताडले आणि जुळले. ती ३१ वर्षांची रशियन. पुढे रशियातल्या जवळच्या नातेवाइकाच्या डीएनएने शिक्कामोर्तब झालं. स्पेनने आपलं कपाट कितीही उपसलं असतं तरी उपयोग शून्य.

मिनीमाऊ:
म्हणजे आपलाही डीएनए नावानिशी १९६ देशांत फिरणार? नको रे बाबा.

जुनाठसा:
नावानिशी नाही. इंटरपोलच्या डीएनए साठ्यात नुसते आकडे असतात, नाव पाठवणाऱ्या देशाकडेच राहतं. जुळलं की दोन्ही देशांना कळवतात, पुढचं त्यांनी बघायचं. २०२१पासून आई-बाप, भावंडं यांच्या नमुन्यांवरूनही बेपत्ता माणूस शोधता येतो. देश वेगळा तशी नात्याची शक्यताही वेगळी मोजावी लागते, ते किचकट गणित संगणक करतो.

रातकिडा:
बरं, पण खुनी?

जुनाठसा:
अँटवर्पमध्ये नाव कळल्यावर पोलिसांनी पुन्हा लोकांनाच विचारलं, हिला कुणी पाहिलं होतं का, कुणाबरोबर? नाव नसताना हे विचारणार तरी कुणाला? पण १९९२चे साक्षीदार आता किती उरले असतील, देव जाणे.

रातकिडा:
माहिती लोकांसमोर ठेवण्याच्या त्या मोहिमेत २०२४ला फ्रान्स, इटली, स्पेन आल्यावर आणखी नोटिसा निघाल्यात, ती यादी उघडून बसलोय. दागिने, चपला, चेहऱ्यांची रेखाटनं. बहुतेकींना अजून नाव नाही.