यीस्ट एकाच पेशीचं असून युकॅरिओट कसं काय?

लातूर_रिपीटर:
नीटचं दुसरं वर्ष चालूय, लातूरला रूम करून राहायलोय. कालच्या टेस्टला यीस्टला प्रोकॅरिओट टिक केलं अन् गेले, चार तर गेलेच वर मायनस एक. माझ्या डोक्यात पक्कं होतं की एका पेशीचा जीव म्हणजे प्रोकॅरिओट. दहावीपर्यंत मराठी मीडियम, तिथं आदिकेंद्रकी (प्रोकॅरिओट)-दृश्यकेंद्रकी (युकॅरिओट) पाठ केलं, आता इंग्रजी नावांनी सगळं मिक्स व्हायलंय. फरकाचा तक्ता तोंडपाठ आहे पण प्रश्न फिरवून आला की खल्लास.

परभणीकर:
पेशी मोजत बसू नको रे, आत डोकाव. डीएनएभोवती पडदा आहे का, एवढंच बघ आधी. असला की युकॅरिओट, नसला की प्रोकॅरिओट. दृश्यकेंद्रकी म्हणजे केंद्रक दिसतं ती, तुझ्या मराठी शब्दातच उत्तर होतं की. आम्ही पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम अन् ट्रायकोडर्मा दोन्ही चोळतो, दुकानदार दोन्हीला जिवाणूच म्हणतो. रायझोबियम खरंच जिवाणू, डीएनए आत तसाच उघडा गुंडाळून पडलेला, तंतुकणिका, गॉल्जी असले पेशीतले पडदेवाले भाग काहीच नाहीत. ट्रायकोडर्मा मात्र बुरशी, म्हणजे तुझ्या यीस्टची भावकी, तिच्याकडं केंद्रकापासून तंतुकणिकेपर्यंत सगळा संसार. अन् नील-हरित शेवाळ नावालाच शेवाळ, ते निघतं प्रोकॅरिओट. तिथं पण पोरं हमखास फसतात.

मेडिकलवाली_नांदेड:
तक्त्यातली रायबोसोमची, म्हणजे पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या कणांची ओळ सोडू नको, माझं रोजचं काम त्यावर चालतं. बॅक्टेरियात 70एस, आपल्या पेशीत 80एस. डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक बॅक्टेरियाच्या रायबोसोमच्या 30एस तुकड्याला जाऊन चिकटते, मग त्याचं प्रोटीन बनणं बंद. लोक नायट्याला घरात उरलेली अँटिबायोटिक खाऊन बघतात, वर म्हणतात गुण येईना. कसा येईल, नायटा बुरशीचा, बुरशी युकॅरिओट, तिचे रायबोसोम आपल्यासारखेच 80एस. तिला मारायला तिच्यातच असलेली अन् आपल्यात नसलेली गोष्ट शोधावी लागते, म्हणून बरीच औषधं तिच्या पेशीपटलातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या चरबीसारख्या घटकावर जातात.

लातूर_रिपीटर:
आता डोक्यात शिरायलंय. पण ताई, बॅक्टेरियाच्या रायबोसोमचे दोन तुकडे 50एस अन् 30एस, मग मिळून 80 पाहिजे ना, 70 कसं?

मेडिकलवाली_नांदेड:
एस म्हणजे वजन नाही रे. स्वेडबर्ग युनिट, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर कण किती वेगानं खाली बसतो ते. दोन तुकडे जोडले की आकार बदलतो, त्यामुळं साधी बेरीज लागत नाही. आपल्या रायबोसोममध्ये 60 अन् 40 चं 80 होतं ते पण तसंच.

लातूर_रिपीटर:
शेवटचं विचारतो. आपल्या लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं, मग पडद्याच्या हिशोबानं ती प्रोकॅरिओट का?

परभणीकर:
हा हा, मला माझ्याच वाक्यात पकडलंस. नाही रे, अस्थिमज्जेत बनताना तिला केंद्रक असतं, रक्तात उतरायच्या आधी ती ते बाहेर टाकते, हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून. युकॅरिओटच टिक कर.