सत्कार सभागृहात की चहा व्हरांड्यात?

खाडीकाठची प्राध्यापिका, वाशी

नवी मुंबईतील आमच्या विद्यापीठातील एका सहकाऱ्यांना ठाणे खाडीच्या गाळातील जड धातूंवरील संशोधनासाठी पुरस्कार जाहीर झाला. बातमी आली त्या दुपारी प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात आम्ही दहा-बारा जणांनी वडापाव आणि कटिंग चहा घेतला. सरांनी पहिला वडा प्रयोगशाळा परिचरांच्या हातात ठेवला आणि मगच स्वतः घेतला. माझ्या दृष्टीने आनंद तिथेच साजरा झाला होता. आता मात्र पौर्णिमेच्या दिवशी मोठ्या सभागृहात जाहीर सत्कार ठरला असून शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि जेवण यांसाठी प्रत्येकी ७०० रुपये वर्गणी मागितली आहे. सूचनाफलकावरील यादीत तासिका तत्त्वावरील शिक्षकांचीही नावे आहेत. वर्गणी काढून केलेला सत्कार हा सहकाऱ्यांचा आनंद म्हणावा की प्रशासनाचा कार्यक्रम? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. इतरांचे वाचायला आवडेल.

निवृत्त विभागप्रमुख, नौपाडा, ठाणे

आपला मुद्दा कळला, पण पटला नाही. पदोन्नतीच्या अर्जातील गुणांच्या रकान्यापुरतेच संशोधन उरले असताना, वर्षानुवर्षे खाडीचा चिखल तुडवणाऱ्या माणसाला भरल्या सभागृहात उभे करून टाळ्या वाजवणे हा मला दिखाऊपणा वाटत नाही. व्हरांड्यातला चहा तुमच्या विभागाचा असतो. वाणिज्य विभागातील लिपिकाला किंवा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला तिथे कोण बोलावणार? तिने मागच्या रांगेत बसून तो सोहळा पाहिला आणि आपणही कधीतरी असे काही करावे असे तिच्या मनात आले, तर एका शालीचे पैसे वसूल झाले असे मी समजेन. वर्गणीचा आकडा जास्त आहे, हे मान्य. पण आकडा चुकला म्हणून सत्कारच मोडीत काढायचा, हे काही बरोबर नाही.

तासिका तत्त्वावरील शिक्षक, ऐरोली

सरांबद्दल आदर आहे. माझ्या पहिल्या शोधनिबंधाचा मसुदा त्यांनी लाल शाईने रंगवून परत दिला होता आणि त्यातूनच मी लिहायला शिकलो. तरीही सांगतो, आमचे मानधन तासांवर मिळते आणि तेही महिन्याच्या महिन्याला येतेच असे नाही. यादीत नावापुढे ‘दिले’ किंवा ‘बाकी’ असा शेरा असतो आणि तो सूचनाफलकावर सर्वांना दिसतो. नाही म्हणण्याची मोकळीक कागदावर असेलही, परंतु पुढच्या सत्रात आपल्याला तास द्यायचे की नाही हे ज्यांच्या हातात आहे, तेच वर्गणी गोळा करत असतील तर ती मोकळीक कोण वापरणार?

संशोधक विद्यार्थिनी, बेलापूर

वर्गणीपेक्षा मला व्यासपीठाची चिंता आहे. त्या चिखलाचे पुढे काय होते, ते थोडे सांगते. गाळ पिशवीत भरायचा, पिशवीवर ठिकाण आणि वेळ लिहायची, तो ओव्हनमध्ये सुकवायचा, खलात कुटायचा आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायचा, कारण धातू मुख्यतः बारीक कणांनाच चिकटून राहतात. ही चाळण बहुतेक वेळा आमचे प्रयोगशाळा परिचर करतात. ओल राहिलेला नमुना ते नुसता बोटांत चोळून ओळखतात. आणि नमुने मुळात मिळाले ते दिवाळे कोळीवाड्यातील एका तांडेलांमुळे, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखांमुळे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती जशी मोठी, तशी ओहोटीही खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असलेला गाळ उघडा पडतो, म्हणून आम्हाला तेच दिवस हवे असत. पण पाण्याला ओढ असते तेव्हाच त्यांचे जाळेही भरते. म्हणजे मासळीचा दिवस सोडून ते आम्हाला होडीत घेऊन जात. निमंत्रणपत्रिकेत कुलगुरूंपासून प्रमुख पाहुण्यांपर्यंत सात नावे आहेत. या दोघांपैकी एकाचेही नाही.

खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९६७ मध्ये संशोधक विद्यार्थिनी असताना त्यांनी पल्सारचा, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद येणाऱ्या ताऱ्याचा, पहिला संकेत टिपला आणि १९७४ चे नोबेल मात्र त्यांच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्यूइश यांना मिळाले. मार्टिन राइल त्यात वाटेकरी होते.

निवृत्त विभागप्रमुख, नौपाडा, ठाणे

उदाहरण दिलेच आहे तर पूर्ण द्यावे. संशोधक विद्यार्थ्यांना, अगदी अपवाद वगळता, नोबेल देऊ नये आणि आपले प्रकरण तसा अपवाद नाही, असे खुद्द बेल यांनीच जाहीरपणे म्हटले होते. प्रकल्पाची अंतिम जबाबदारी मार्गदर्शकाची असते. अपयश आले असते तर तेही त्यांच्याच नावावर गेले असते. पुरस्कार एकाला मिळाला म्हणजे अन्याय झाला, असे समीकरण मांडू नका.

संशोधक विद्यार्थिनी, बेलापूर

त्यांचे ते म्हणणे मला माहीत आहे. पण २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी सगळी रक्कम भौतिकशास्त्रात संधी न मिळालेल्या गटांतील संशोधक विद्यार्थ्यांसाठी दिली, हेही त्याच पूर्ण उदाहरणात येते. शिवाय आपल्याकडचा राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार २०२४ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा त्यात संघासाठी वेगळा विभाग होता आणि तो चांद्रयान-३ च्या चमूला मिळाला. सरांचा पुरस्कार वाटून घ्या, असे मी म्हणतच नाही. व्यासपीठावर दोन खुर्च्या वाढवा, एवढेच म्हणते.

निवृत्त विभागप्रमुख, नौपाडा, ठाणे

खुर्च्यांना माझा विरोध कधीच नव्हता. वाढवा. शाली तिन्ही सारख्या असाव्यात, नाहीतर त्यावरून नवा वाद होईल.

खाडीकाठची प्राध्यापिका, वाशी

सभागृहाबद्दलचे माझे मत थोडे सैल झाले आहे; मागच्या रांगेतली विद्यार्थिनी माझ्या डोक्यात आलीच नव्हती, हे कबूल करते. वर्गणीबद्दलचे मात्र बदललेले नाही. काल सरांनाच विचारले. जेवण नको, चहा पुरे, असे ते म्हणाले आणि पौर्णिमेला तांडेल येऊच शकणार नाहीत, ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती, ती त्यांनी आधी सांगितली. कार्यक्रम आता भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, अष्टमीला ठेवला आहे. वर्गणीची यादी आज सकाळपर्यंत तरी सूचनाफलकावर तशीच होती.