रिटायर झाल्यावर श्रमदान वगैरेनं खरंच काय फरक पडतो का?

शाहूपुरीकर:
58 पूर्ण झाली, रिटायर झालो. पहिला महिना बरा गेला, आता पेपर साडेआठलाच वाचून संपतो आणि मग जेवणापर्यंत करायचं काय. मुलगा पुण्यात. बायको म्हणते रविवारी अजिंक्यताऱ्यावर पोरं झाडांना पाणी घालायला जातात, जावा की तुम्हीपण. पण मागं एका वृक्षारोपणाला गेलो होतो, रोप एक, हात अकरा, फोटो झाले आणि पाणी घालायला कळशीच नाही. तेव्हापासनं मन उडालंय. कुणाला खरंच फायदा झालाय का?

आयर्विनपूल:
काका मी सांगलीचा. ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45. उतरल्यावर घरात घोट्याएवढा गाळ, दार फुगून बसलेलं, आणि कुठनं कुठनं आलेली पाच अनोळखी पोरं फावडी खराटे घेऊन दोन दिवस राबली, आईच्या लग्नातलं घंगाळ त्यांनीच गाळातनं हुडकून काढलं. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा. 2021 ला परत पूर आला तेव्हा मग मी लोकांची रेशनकार्डं, सातबारे पेपरच्या घड्यांत घालून वाळवत बसलो. फायदा काय ते सांगता येत नाही, पण झोप लय भारी लागायची.

कोरेगाववाला:
2016 ला वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांनी श्रमदानानं पाणी अडवायची स्पर्धा, आमच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. आमचं गाव कुठंच नाही 😄 पण सांगण्यासारखं वेगळंच आहे. बांधावरनं कोर्टात गेलेले दोन चुलतभाऊ, एकानं पाणी अडवायच्या चरासाठी ए-फ्रेम (सारखी पातळी काढायची, मधे ओळंबा सोडलेली लाकडी चौकट) धरायची आणि दुसऱ्यानं मागनं फक्की मारत यायची अशी जोडी लागली, आता ओळंबा मधे आला का हे न बोलता कसं सांगणार. केस अजून चालूच आहे, पण तारखेला दोघं एकाच गाडीवर जातात.

माहेरमिरज:
सगळं खरं, पण काका आधी घरात काकूंना भाजी निवडून द्या, तेपण श्रमदानच 😀 आणि एकदम चार मंडळांत नाव घालू नका, माझे सासरे असेच अडकले, रोज मीटिंग आणि रोज चिडचिड.
ओईसीडी म्हणून संस्था आहे, ती देशादेशांतल्या राहणीमानाची तुलना 11 गोष्टींवर करते, घर, कमाई, आरोग्य असं. त्यात 'समाज' पण आहे. तिथं अडीअडचणीला हाक मारायला कुणी आहे का, एवढंच बघतात.

शाहूपुरीकर:
गेलो रविवारी. 5 लिटरचा कॅन घेऊन अर्ध्या वाटेतच बसलो, गुडघा कुरकुरला. एका पोरानं कॅन घेतला, म्हणाला काका तुम्ही आळी तेवढी करा. केली सात. मंगळवारी त्याचा फोन, गुडघा कसाय म्हणून. मुलाला अजून गुडघ्याचं सांगितलेलंच नाही.