मालिका कोणामुळे पाहिली: कथेमुळे की मुख्य नटामुळे?

काल कपाट आवरताना जुनी हार्ड डिस्क हाती लागली आणि तिच्यात ‘हाउस’ या मालिकेचे भाग निघाले. वडील रुग्णालयात असताना रात्रीच्या जागरणात मी ते ओळीने पाहिले होते. साचा ठरलेला: रोगी कोसळणार, दोनतीन निदाने चुकणार आणि शेवटी भलत्याच विषयावर बोलता बोलता डॉक्टरांना उत्तर सुचणार. तरीही १७७ भागांपैकी एकही मी सोडला नाही, याचे श्रेय मी डॉक्टरांची भूमिका करणाऱ्या ह्यू लॉरी यांनाच देतो. उत्तर सुचताच समोरच्याचे बोलणे अर्धवट ठेवून ते ज्या हरवलेल्या नजरेने पाहत, तिची मी वाट पाहत असे. आपल्यालाही कोणा नटाने असे धरून ठेवले असल्यास अवश्य लिहावे.

काठी
मी फिजिओथेरपिस्ट आहे. ‘हाउस’मधल्या त्या डॉक्टरांचा दुखरा पाय उजवा आणि काठीही उजव्याच हातात. आम्ही ती चांगल्या पायाच्या बाजूला धरायला शिकवतो. पहिले चार भाग मी निव्वळ चिडून पाहिले. पुढचे का पाहिले, ते मलाही सांगता येणार नाही.

काठीवरून
आमच्या सासूबाईंना आपणच समजावावे. गुडघा डावा, काठीही डावीकडे, आणि विचारले तर ‘तो डॉक्टर तशीच धरतो’ हे उत्तर तयार.

थोडी असहमती
‘द क्राउन’मध्ये राणीची भूमिका दर दोन पर्वांनी बदलत गेली: क्लेअर फॉय, ऑलिव्हिया कोलमन, इमेल्डा स्टॉन्टन. फॉय गेल्या तेव्हा मी रुसून बसलो होतो, पण दोन भागांत तो रुसवा विसरलो. लेखन भक्कम असेल तर भूमिका नटापेक्षा मोठी ठरते, असे माझे मत झाले आहे.

आवाज बंद करून
बाळ झोपलेले असल्यामुळे ‘ब्रेकिंग बॅड’चे पहिले पर्व मी आवाज बंद ठेवून, उपशीर्षके वाचत पाहिले. ब्रायन क्रॅन्स्टन यांचे खांदे भागागणिक ताठ होत गेलेले तेव्हा दिसले. पुढे आवाजासकट पाहताना संवादांकडेच लक्ष गेले. विनोदी मालिकेतला बाप ही त्यांची ओळख असल्याने वाहिनीचे अधिकारी साशंक होते, म्हणून निर्माते व्हिन्स गिलिगन यांनी त्यांना क्रॅन्स्टन यांचा ‘द एक्स-फाइल्स’मधला जुना भाग दाखवला होता. पुढे याच भूमिकेसाठी त्यांना मुख्य अभिनेत्याची चार एमी पारितोषिके मिळाली. बाळ उठले, बाकीचे नंतर लिहिते.

धागालेखकास
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण वडिलांची प्रकृती आता कशी आहे?

उत्तर
आता ठणठणीत आहेत, विचारल्याबद्दल आभार. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मी इयरफोन लावून बसत असे, त्यामुळे पलंगावरून त्यांना नुसता पडदाच दिसे. तरी त्या नजरेवर ते दर वेळी माझ्याआधी म्हणत, ‘सापडलं बघ त्याला.’