वाणाचे पैसे आणि जांबोटीचा टेम्पो

प्रेषक: शहापूरची वहिनी
१९ जानेवारी, रात्री ९:४०
विषय: संक्रांतीच्या वाणाचे पैसे कुठे द्यायचे?

नमस्कार मंडळी,

हळदीकुंकू झकास झालं. तिळगूळ दगड झाला होता, तो माझा दोष, पाक पुढे गेला. पण मेल त्यासाठी नाही.

यंदा आपण डबे-वाट्या असलं वाण लुटलं नाही. दरवर्षी ते डबे कपाटात वर जाऊन बसतात आणि पुढच्या संक्रांतीला दुसऱ्याच कुणाच्या तरी वाणातून परत आपल्या घरी येतात. त्याऐवजी प्रत्येकीनं ५० डॉलर काढले. ४२ जणी, २,१०० डॉलर. वर आमच्या सासूबाईंनी पर्समधून १०० काढून दिले, म्हणाल्या माझं नाव कुठे लिहू नको.

ठरलंय एवढंच की पैसे बेळगाव भागात जावेत, पर्यावरणासाठी जावेत आणि बायकांच्या हातात जावेत. ही कल्पना माझी नाही. ऑफिसातल्या एका बाईंनी इथल्या रेचल्स नेटवर्कबद्दल सांगितलं. पर्यावरणासाठी पैसे देणाऱ्या बायकांचं हे जाळं १९९९ पासून चाललंय. नाव रेचल कार्सनचं घेतलंय, जिनं १९६२ साली कीटकनाशकांवर लिहून अमेरिकेची झोप उडवली. या बायका नुसता चेक फाडून मोकळ्या होत नाहीत. पर्यावरणाच्या संस्थांत ठरवणाऱ्यांच्या खुर्चीत बायका बसाव्यात म्हणूनही खटपट करतात. २०१९ पासून गोऱ्या नसलेल्या कार्यकर्त्या बायकांसाठी पुरस्कारही सुरू केलाय, १०,००० डॉलरचा. त्या कुठे नि आपण कुठे, पण पैसे जमवून फिरवणं काय असतं हे भिशी चालवणाऱ्या बायकांना दुसऱ्या कुणी शिकवायला नको.

माझं म्हणणं: खानापूर तालुक्यात ५०० रोपं लावूया. प्रत्येक झाडाला देणारीच्या नावाची पाटी. सुट्टीत गेलो की मुलांना आपलं झाड दाखवता येईल. कळवा.

प्रेषक: खजिनदार काका
२० जानेवारी, सकाळी ६:१५

वहिनी, कौतुक आहेच. पण पैसे पाठवायच्या आधी माझं रडगाणं ऐका.

मंडळ अमेरिकेत नोंदलेलं आहे, म्हणजे मंडळाचा पैसा भारतात परदेशी देणगी ठरतो. परदेशी देणग्यांवरचा २०१० चा एफसीआरए कायदा आहे, २०२० ला तो आणखी आवळला. पैसे घेणाऱ्या संस्थेची त्याखाली नोंदणी हवी. पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरले पाहिजेत. कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत, पूर्वी ५० पर्यंत चालायचा. आणि सगळ्यात अडचणीचं म्हणजे, एका संस्थेनं घेतलेले पैसे दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. पूर्वी मोठी नोंदणीकृत संस्था पैसे घ्यायची आणि पाच-सहा खेड्यांतल्या छोट्या गटांना वाटायची. तो रस्ता बंद झाला. खेड्यातल्या बायकांच्या संघाला दिल्लीतलं खातं आणि दर वर्षीचे हिशोब झेपणार आहेत काय?

एक फट आहे. भारतीय नागरिक, मग तो राहीना का इथे, स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. इथलं नागरिकत्व घेतलं की मात्र धरतात, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी. तेव्हा ४२ जणींत भारतीय पासपोर्ट कुणाकुणाकडे आहे ते आधी मोजा. पासपोर्टच्या रंगावरून विचारू नका, दोन्ही निळेच.

प्रेषक: निपाणीवाला
२० जानेवारी, रात्री ११:०२

बेळगाव भाग म्हटलं की तुम्हा लोकांना खानापूरचं जंगल तेवढं दिसतं बघा. निपाणी काय नकाशावर नाही? आमच्याकडं वखारीत तंबाखू चाळताना बायकांच्या नाकातोंडात जो जर्दा जातो, तो पर्यावरणात बसत नाही काय? माझी आत्या तीस वर्षं वखारीत होती. घरी आली की आधी पदर झटकायची, आणि आम्ही पोरं शिंकत बसायचो. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर महामार्ग अडवून माणसं बसली, गोळीबार झाला, सगळ्या देशानं निपाणी वाचली. त्यानंतर कुणी विचारलंय का, की चाळणीपुढं बसलेली बाई कशी आहे म्हणून?

आणि मुळात त्या ८१४ गावांचा प्रश्न सुटल्याशिवाय

प्रेषक: मेल-यादीचे व्यवस्थापक
२० जानेवारी, रात्री ११:३०

दादा, पुढचा मजकूर मी काढला आहे. सीमाप्रश्नावर या यादीत मागे काय झालं होतं ते तुम्हालाही आठवतंय. वखारीचा मुद्दा ठेवलाय, तो रास्त आहे.

प्रेषक: खानापूरची ताई
२२ जानेवारी, भारतातली सकाळ

सगळ्यांना नमस्कार. मी अकरा वर्षं तुमच्यात होते, आता परत जांबोटीच्या बाजूला आहे. यादीतून नाव काढायचं राहून गेलं ते बरंच झालं म्हणायचं.

वहिनी, राग मानू नका, पण खानापूरला झाडं देणं म्हणजे बेळगावला येताना बेळगावचाच कुंदा घेऊन येण्यासारखं आहे. इथं पाऊस असा की चार वर्षं गुरं आणि आग लांब ठेवली तर रान आपलं आपण उठतं. लावलेल्या झाडांचं काय झालं तेही रोज बघतो आम्ही. वन खात्यानं लावलेला आकेशिया ओळीनं उभा आहे, त्याखाली गवताची काडी नाही, गुरं तोंड लावत नाहीत. आणि पाटी लावायची म्हणजे झाडाला खिळा मारायचा. कशाला?

रोपांचंच पाहायचं तर वंगारी माथाईंकडं बघा. केनियात त्यांनी १९७७ ला काम सुरू केलं, तेव्हा बायकांना थोडे पैसे देत, ते रोप लावल्याचे नव्हे, जगल्याचे. नाहीतर आपल्या शेजारच्या उत्तर कन्नडमधल्या तुळसी गौडा. वन खात्याच्या रोपवाटिकेत रोजंदारीवर किती वर्षं काढली त्या बाईनं! कुठल्या झाडाचं बी धरायचं हे त्यांना रानात नुसत्या नजरेनं कळायचं. पद्मश्री घ्यायला राष्ट्रपती भवनात अनवाणी गेल्या, तेव्हा सगळ्यांनी फोटो पाहिला. त्या आधी रोपवाटिकेतली त्यांची मजुरी कुणी पाहिली होती?

आता इथं काय चाललंय ते सांगते. मागच्या महिन्यात आमच्या वरच्या गवळीवाड्यावरची एक मावशी माझ्याकडं आली. हातात पत्र्याचा डबा. डबा चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेला असतो, धुरामुळं कागदाला वाळवी लागत नाही म्हणून. उघडला तर सगळ्या खोलीत धुराचा वास. आत तिच्या आजेसासऱ्यांच्या नावच्या चराईच्या पावत्या, घडीवर तुटलेल्या, चहात बुडवल्यासारख्या रंगाच्या. खानापुरात झेरॉक्सवाल्यानं हात लावायला नकार दिला, म्हणाला मशीनमध्ये भुगा होईल.

या कागदांना एवढं महत्त्व का, तर २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्यांना जंगलाशी तीन पिढ्यांचं, म्हणजे २००५ च्या मागं ७५ वर्षांचं नातं दाखवावं लागतं. थेट १९३० पर्यंत गेलं हे. आमचा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, म्हणून मावशीच्या पावत्या मराठीत. अर्ज मात्र कानडीत. मावशी बाजारापुरतं कानडी बोलते, कचेरीतलं कानडी तिला काय कळणार? आणि खरं सांगायचं तर कचेरीतलं मराठी तरी आपल्याला कुठं कळतं!

कायदा बायकांच्या बाजूनं आहे, हे आधी मलाही माहीत नव्हतं. वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका पाहिजेत. ग्रामसभेलाही हजर माणसांत एक तृतीयांश बायका पाहिजेत. लग्न झालेल्यांचा पट्टा, म्हणजे वनजमिनीच्या हक्काचा कागद, नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. कर्नाटकात तर पंचायतीत बायकांना जागा १९८७ च्या निवडणुकीपासून आहेत, आधी २५ टक्के, २०१० पासून निम्म्या. पण सदस्यबाईंच्या शेजारची खुर्ची नवऱ्यानं धरलेली असते आणि सही कुठं करायची ते तोच बोटानं दाखवतो. मावशीला मी दोनदा ग्रामसभेत पाहिलं. पहिल्यांदा दाराशी उभी होती. दुसऱ्यांदा आत येऊन खाली बसली आणि म्हणाली, "समितीत माझं नाव आहे म्हणतात. मग मला विचारल्याशिवाय यादी कशी झाली?" सगळे गप्प. क्लार्क उठून पंखा लावायला गेला. डिसेंबर महिना होता!

त्या दिवशी तिला तिथवर यायला काय लागलं ते ऐका. वाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत चालत. पुढं टेम्पो, एसटीची वेळ जमत नाही म्हणून. चौदा बायकांची दिवसाची मजुरी बुडाली. गुरांकडं माणूस ठेवावं लागलं. कागद लिहून देणाऱ्यानं पैसे घेतले ते निराळेच. टेम्पोवाला म्हणाला, तुमची सभा झाली नाही तरी भाडं पूर्ण. सभा माणसं कमी म्हणून दोनदा मोडली, भाडं दोनदा गेलं.

तर तुमचे पैसे मला या खर्चाला हवेत. टेम्पो, बुडालेली मजुरी, कानडी टंकलेखन, पावत्यांचे चांगले फोटो. यात दाखवायला काही नाही, मान्य. पण भिशीत एखादीचा नंबर लागला की आपण विचारतो का तिला, पैसे कशाला वापरलेस? गळ्यातलं सोडवलंस की पोराची फी भरलीस? विचारत नाही. तिचं घर तिला कळतं असं धरून चालतो. मग मावशीला तिचं रान कळतं असं धरायला काय हरकत आहे?

प्रेषक: खजिनदार काका
२२ जानेवारी, रात्री १०:२०

ताई, पत्र दोनदा वाचलं. पण भिशीचा दाखला पुरा लागू पडत नाही. भिशीतली बाई पुढच्या महिन्यात हप्ता घेऊन येते, म्हणून तिला कुणी विचारत नाही. इथं कुणाचा हप्ता? उद्या बेचाळीस जणींनी मला विचारलं तर मी टेम्पोचं बिल दाखवू? ते तरी देतो का टेम्पोवाला?

प्रेषक: खानापूरची ताई
२३ जानेवारी

काका, टेम्पोवाला बिल देत नाही. इथल्या बायकांच्या संघाची वही आहे, तीत आकडा आणि चौदा सह्या, त्यातले नऊ अंगठे. पानाचा फोटो दर महिन्याला यादीवर टाकते.

आणि हप्ता म्हणाल तर त्या तो आधीपासून भरतायत. मार्चमध्ये वणवा लागला की खात्याची माणसं पोचेपर्यंत ओल्या डहाळ्या घेऊन झोडपणाऱ्या याच. या बाजूला पडलेलं पाणी मलप्रभेतून सौंदत्तीच्या धरणात जातं, तिथून हुबळी-धारवाडच्या नळांना. आजवर त्याचं बिल त्यांनी कुणाला पाठवलं नाही.

निपाणीच्या दादांना एक. तुमच्या आत्यांबरोबरीच्या कुणी अजून वखारीत असतील तर त्यांनाच विचारा ना काय पाहिजे. मास्क म्हणतील, की पंखा म्हणतील, की तिसरंच काही. आपण अमेरिकेत बसून ठरवायला लागलो की पुन्हा पाटीच लागते.

प्रेषक: शहापूरची वहिनी
२५ जानेवारी, दुपारी ३:०५

मंडळी, पाटीचं मी मागे घेतलं. ताई, राग नाही, पण कुंद्याचं वाक्य आमच्या ह्यांनी चार दिवस पुरवलं.

मोजणी झाली. १९ जणी भारतीय नागरिक, त्यांचे ९५० डॉलर. सासूबाई व्हिसावर आल्यात, त्यांचे १०० धरून १,०५० झाले. हे पैसे ज्यानं त्यानं आपल्या खात्यातून, आपल्या नावानं थेट ताईंच्या गावातल्या संघाला पाठवायचे, मंडळाच्या खात्यात आणायचे नाहीत. काकांनी हे तीन वेळा बजावलंय. बाकी २३ जणींचे १,१५० काकांकडेच राहतील. एफसीआरएची नोंदणी असलेली आणि स्वतःच निपाणीत काम करणारी संस्था दादा शोधतायत. मार्चअखेर मिळाली नाही तर परत बसू. दोघींनी पाटी नाही म्हणून पैसे परत मागितले होते, एकीनं नंतर राहू दे म्हणून कळवलं. दुसरीला मी आज रात्री फोन करते.

एकदाच देऊन थांबायचं नाही, तीन संक्रांती द्यायचं असं बहुतेकींचं म्हणणं आहे. पट्ट्याचं काम एका वर्षात होत नाही हे ताईंनी फोनवर सांगितलं.

प्रेषक: खानापूरची ताई
२६ जानेवारी

पोचलं. संघाच्या बायकांना काल वाचून दाखवलं. मावशीनं विचारलं, या बेचाळीस जणींची गुरं कोण बघतं मग?

एक अडचण आहे. वहीत पैसे देणाऱ्याचं नाव लिहावंच लागतं, रकाना मोकळा सोडला तर बँकेचा माणूस हरकत घेतो. सासूबाईंचे १०० डॉलर कुणाच्या नावावर लिहू? खात्यावर नाव येईलच, पण वहीत 'शहापूरच्या आजी' एवढंच चालेल का, त्यांना विचारून कळवा.